हंडा भरेपर्यंत

हंडा चार बोटे भरला होता आणि मोजणीबाईंना आपल्या हातांचे काय करावे हे कळेनासे झाले होते. गेली तीन वर्षे, दर महिन्याच्या पहिल्या सकाळी, झऱ्यापाशी याच दगडावर उभे राहून त्यांनी मोठ्याने आकडे म्हटले होते. गावाने त्यांना हे नाव दिले, ते त्यावरूनच. आज मात्र पाणी खात्याच्या तपासनीसांनी त्यांना नम्रपणे थांबविले होते.

"बाई, आज तुम्ही मोजू नका. घड्याळ मोजेल."

झऱ्यासाठी राबणाऱ्या बायकांच्या गटातील बाकीच्या एकोणीस जणी भोवती उभ्या होत्या. उताराच्या तारेच्या कुंपणाला टेकून मोजणीबाईंचे दीर उभे होते. त्यांच्या पन्नास शेळ्या होत्या, आणि त्यांच्या खिशातून पक्कडीचे लाल दांडे बाहेर डोकावत होते. गावसभेचा ठराव सर्वांना तोंडपाठ होता. हंडा चार मिनिटांच्या आत भरला, तर झऱ्यावरचा उतार आणखी पाच वर्षे चराईला बंद राहील. न भरला, तर कुंपण आजच निघेल, शेळ्या वर जातील, आणि बायकांनी हाताने लावलेली रोपे आठवडाभरात नाहीशी होतील.

"वहिनी, आज तोंडाला कुलूप?" दीर म्हणाले. "इतक्या दिवसांची सवय एकदम मोडू नये. बाधते."

"अहो, ती पक्कड आधी नीट ठेवा. बसताना चावेल," त्यांची बायको म्हणाली. ती मोजणीबाईंची धाकटी जाऊ; गटात कामालाही पुढे आणि बोलायलाही पुढे.

बायका हसल्या. मोजणीबाई हसल्या नाहीत. त्यांचे आकडे खोटे होते.

आरंभी तसे नव्हते. गटात कोणाकडेच घड्याळ नव्हते, म्हणून मोजणीबाई तीन दुपारी शाळेच्या भिंतीवरील घड्याळासमोर बसल्या आणि त्यांनी आपली जीभ टिकटिकीला बांधून घेतली. पहिल्या महिन्यात हंडा भरायला तीनशे आकडे लागले, म्हणजे पाच मिनिटे. मग बायकांनी उतारावर आडवे चर खणले, पावसाचे पाणी त्यांत मुरावे म्हणून कडेने मातीचे बांध घातले, रोपे लावली. वर्ष सरले. हंडा दोनशे अठ्ठ्याण्णवला भरला. दुसऱ्या दिवशी कामाला सहाच जणी आल्या.

पुढच्या महिन्यात मोजणीबाईंनी जिभेला किंचित आवर घातला. पाणी तेवढेच होते. दोन आकड्यांमधले अंतर मात्र वाढले होते. हंडा दोनशे ऐंशीला भरला. दुसऱ्या दिवशी एकोणीसच्या एकोणीस जणी कुदळी घेऊन हजर. आशा दिसली की हात चालतात, असा मोजणीबाईंनी त्याचा अर्थ लावला. वस्तुतः खोटे बोलणे त्यांच्या स्वभावात नव्हते. शेजारणीकडून वाटीभर साखर आणली, तर परत देताना त्या वाटी बोटाने सपाट करून पाहत.

तथापि त्या दर महिन्याला थोड्या अधिक सावकाश मोजू लागल्या. दोनशे साठ. दोनशे पस्तीस. आकडा जसजसा उतरे, तसतशा बायका जास्तच राबत. कोणी न सांगता त्यांनी चरांची दुसरी ओळ खणली, मग तिसरी.

"अगं, एवढी घाई कशाला? पाणी वाढतंय की," मोजणीबाई एकदा म्हणाल्या होत्या.

"वाढू दे," धाकटी जाऊ फावड्यावरून मान वर न करता म्हणाली होती.

गेल्या महिन्यात आकडा दोनशे पाच होता. खरा आकडा किती, हे आता मोजणीबाईंनाही ठाऊक नव्हते. त्यांची जीभ टिकटिक केव्हाच विसरली होती.

पाणी हंड्याच्या गळ्याशी आले. मग काठावरून ओघळले. तपासनीसांनी घड्याळ डोळ्यांजवळ नेले, वहीत लिहिले आणि मगच तोंड उघडले.

"तीन मिनिटे, वीस सेकंद."

मोजणीबाईंनी मनात गुणाकार केला. विश्वास बसेना, म्हणून पुन्हा केला. दोनशे. खरे पाणी त्यांच्या खोट्यापेक्षा पाच आकडे पुढे निघून गेले होते.

"आणि माझ्या शेळ्यांनी काय घड्याळ खायचं?" दिरांनी विचारले.

"आतलं गवत कापून न्या. विळा मी देते," त्यांची बायको म्हणाली. "पक्कड तेवढी घरी जाऊ दे."

तपासनीस आणि दीर पायवाटेने खाली उतरले. बायका आपापल्या कळशा उचलू लागल्या. सगळे निभावले होते. कोणी काही विचारले नव्हते, पुढेही विचारणार नव्हते. तरी मोजणीबाई दगडावरून उतरल्या नाहीत.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला फसवलं. दोन वर्षं मुद्दाम सावकाश मोजत होते. पाणी वाढत नव्हतं, तेव्हाही वाढलं म्हणून सांगत होते. तुम्ही काम सोडाल, अशी भीती वाटली मला."

बायकांनी एकमेकींकडे पाहिले. एकीने कळशी खाली ठेवली. दुसरीने पदर तोंडाला लावला, आणि ती हसत होती की काय, ते कळले नाही.

धाकटी जाऊ पुढे आली. तिने भरलेला हंडा दोन्ही हातांनी उचलून कमरेवर घेतला.

"जाऊबाई, आम्हाला काय कान नव्हते? वाटी सपाट करून बघणारी बाई आमच्यासाठी खोटं मोजते, हे पहिल्याच दिवशी कळलं. त्याच संध्याकाळी सगळ्या माझ्या ओट्यावर जमलो," ती म्हणाली. "त्यानंतर जितकं सावकाश तुम्ही मोजायचात, तितकं खोल आम्ही खणायचो."