बारा केबीचं पॅकेज

“हा गणिताचा पेपर नाही, कचरा आहे.” तपासनीस बाईंनी ब्रेलचा कागद टेबलावर आपटला. “अपूर्णांकाची रेघच गायब. तीन छेद चार होते, इथे चौतीस झालेत.”

कॉम्प्युटरवाल्याने खुर्ची मागे ढकलली. ब्रेल छापखान्यातल्या त्या खोलीत दोघांचा कायम छत्तीसचा आकडा. बाईंना दिसत नसे, पण त्याची प्रत्येक चूक नेमकी त्यांच्याच बोटांना सापडायची, आणि सापडली की साऱ्या मजल्याला कळायची. आज भांडायलाही फुरसत नव्हती. उद्या सकाळी दहाला अंधशाळेतली नऊ मुलं हा पेपर सोडवायला बसणार होती आणि आत्ता चार वाजले होते.

“शुक्रवारपर्यंत सगळं ठीक होतं,” बाई म्हणाल्या. “शनिवारी तुम्ही काहीतरी दिवे लावलेत.”

“ऑपरेटिंग सिस्टीमची चौथी आवृत्ती टाकली. साहेबांचाच हुकूम होता. आणि गणिताचं ब्रेल करणारं पॅकेज तिच्यात आहे की नाही, ते आधी तपासलं होतं मी. चारही आवृत्त्यांमध्ये आहे. ही बघा यादी.”

“बघते हं.”

त्याने जीभ चावली.

“वाचा आता. मोठ्याने.”

“पहिली आवृत्ती, आहे. दुसरी, आहे. तिसरी, आहे. चौथी, आहे. झालं समाधान?”

“मी अशी तपासते का कागद? ओळ आहे, ओळ आहे, झालं? ओळीत जे जे लिहिलंय ते सगळं वाचा.”

त्याच्या डोक्यात तिडीक गेली. पंधरा वर्षं नोकरी झाली, डोक्यावरचे केस गेले, आणि ही बाई त्याला पहिलीतल्या पोरासारखं उभं करून वाचायला लावत होती. तो मुद्दाम एका सुरात वाचू लागला.

“पहिली आवृत्ती. आकार अठरा हजार केबी. दुसरी आवृत्ती. आकार अठरा हजार दोनशे केबी. तिसरी आवृत्ती. आकार अठरा हजार नऊशे केबी. चौथी आवृत्ती. आकार बारा...”

तो थांबला.

“बारा हजार?”

“बारा केबी.”

“नुसते बारा? का, ते लिहिलंय का पुढे?”

लिहिलं होतं, बारीक अक्षरांत. “‘मूळ पॅकेज या आवृत्तीतून काढले आहे. जुन्या कॉम्प्युटरना अडथळा येऊ नये म्हणून फक्त नाव ठेवले आहे.’” त्याने वाचून दाखवलं. यादीत नाव दिसलं की पुढे सरकायचं, ही त्याची वर्षानुवर्षांची सवय. आत काहीच नसलेलं पॅकेज त्याने स्वतःच्या हाताने बसवलं होतं आणि कॉम्प्युटरने हूं की चूं केलं नव्हतं. त्याला स्वतःचीच लाज वाटली, आणि त्यामुळे बाईंचा राग आणखीच आला.

“तिसरी परत टाका,” बाई म्हणाल्या.

“काही गरज नाही.” दारात साहेब उभे होते. साहेब म्हणजे छापखान्याचे व्यवस्थापक, कितीही वाईट बातमी गोड आवाजात सांगणारा माणूस. “नेटवर्कवरच्या एकाही कॉम्प्युटरवर जुनी आवृत्ती नको, असं मी परिपत्रक काढलंय. शाळेशी बोलणं झालं. मुलांना गणितातून सूट देऊ, सरासरी गुण मिळतील. पोरं खूशच होतील हो. पेपर तयार होऊ शकत नाही, एवढ्या पत्रावर तुमची सही द्या.”

त्यांनी पत्र बाईंच्या हातात दिलं. बाईंनी त्यावरून बोट फिरवलं. कागद सगळीकडे गुळगुळीत होता.

“मी शाळेत असतानाही असंच पत्र आलं होतं. तेव्हाही सगळे म्हणाले, पोरगी सुटली. गणित राहिलं ते राहिलंच.” त्यांनी पत्र परत पुढे केलं. “सही मिळणार नाही.”

“मग उद्या त्या नऊ जणांना काय द्यायचं, ते तुम्हीच बघा.”

 कॉम्प्युटरवाला टेबलाखाली वाकला, हात घातला आणि एक केबल हिसकून बाहेर काढली.

“साहेब, हा कॉम्प्युटर आता नेटवर्कवर नाही. तुमचं परिपत्रक याला लागत नाही.”

साहेब हसले. “उद्या केबिनमध्ये या,” ते गोड आवाजात म्हणाले आणि निघून गेले. उद्या काय होणार, हे कॉम्प्युटरवाल्याला चांगलं ठाऊक होतं.

“माझी कड घेतलीत?” बाईंनी विचारलं.

“छे! तुमचं तोंड बंद व्हावं म्हणून केलं.”

“ते होणार नाही.”

“माहितीये.”

तिसरी आवृत्ती बसायला तास लागला, तिच्यातलं गणिताचं पॅकेज बसायला दहा मिनिटं. तेवढ्या वेळात दोघांनी एकमेकांना सहा वेळा नावं ठेवली. मग छपाई यंत्र खडखडलं आणि पहिला कागद बाहेर आला. बाईंनी तो टेबलावर सपाट केला. बोट पहिल्या ओळीवरून गेलं, परत आलं, पुन्हा गेलं. एरवी एवढ्यात त्यांचं अर्धं पान होत असे. आज त्या पहिल्याच गणितावर अडकून बसल्या होत्या. कॉम्प्युटरवाला पुढे वाकला.

“काय झालं? पुन्हा चुकलं?”

“नाही. टिंबं अगदी बरोबर आहेत.” बोट अजून तिथेच होतं. बाईंचा आवाज एकदम हळू झाला. “याचं उत्तर किती येतं हो?”