काचेतल्या टाळ्या

उद्या कॉलेजात प्रोजेक्ट चालवून दाखवायचा होता आणि सानपाड्याच्या फ्लॅटमध्ये झेबाचा कॉम्प्युटर सकाळपासून अडून बसला होता. लिनक्सवर प्रोग्रॅम चालवायला लागणारं जावा टाकून झालं होतं, पण मशीनला ते सापडतच नव्हतं.

"राहू दे बेटा, हा डबा काय ऐकत नाय," शेजारी बसलेले अब्बा म्हणाले.

"थांबा हो अब्बा! जावा कुठे ठेवलंय ते याला सांगायचं राहिलंय, बस."

तिने जावाचा पत्ता सांगणारी ओळ टाइप केली. एंटर दाबणार, तोच पडद्याच्या काळ्या काचेत तिला स्वतःचं प्रतिबिंब दिसलं. ते आनंदाने टाळ्या पिटत होतं. तिचे हात तर कीबोर्डवर होते.

तिने घाईने एंटर दाबलं. प्रोग्रॅम धडाधड चालू झाला! झेबा किंचाळून उठली, टाळ्या पिटू लागली. अब्बांनी तिला जवळ ओढलं. "माझी शेरनी!"

"अब्बा, काचेत बघा, तिने आधीच—"

दोघं हसत हसत वाकले. काचेत त्यांचे चेहरे नव्हते. मागे दाराजवळ काचेतली झेबा आणि काचेतले अब्बा दाराकडे अर्धवट वळून उभे होते. ते कुणाला तरी घट्ट कवटाळून हसत होते, रडत होते. त्यांच्या मिठीत मात्र कुणीच दिसत नव्हतं.

झेबाने वळून पाहिलं. दार बंद होतं. तरी कारण नसताना तिच्या छातीत आनंद मावेना.

"कुणी येणार होतं काय गं?" अब्बांनी हळूच विचारलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"नाही अब्बा."

दारावरची बेल वाजली.