तिसऱ्या कडव्यातला कावळा

"छपरावर कावळा ओरडला, आज माझा खलाशी येणार," अशा अर्थाचं तिसरं कडवं डोरोथीबाईंनी इंग्रजीत म्हटलं आणि उपेंद्रनं रेकॉर्डर त्यांच्या आणखी जवळ सरकवला.

जुनी इंग्रजी लोकगीतं गोळा करायचं त्याला वेड होतं. आठवडाभर आखातात, सिलिकॉन ओएसिसमधल्या ऑफिसात सर्व्हर सांभाळायचे आणि सुट्टीला तिथल्या गोऱ्या म्हाताऱ्यांची दारं ठोठावायची. वासुदेव गाणं म्हणून दान मागतो, हा दानात गाणंच मागायचा. घरी, अल कुसैसला, तीच रेकॉर्डिंगं सकाळ-संध्याकाळ. बायको रंजिता मधे बोललीच, तर याचं ठरलेलं, "गप्प बस जरा, रेकॉर्डिंग चाललंय." कुकरनंही बेतानंच शिट्टी द्यावी अशी साहेबांची अपेक्षा.

पण ज्या इंग्लंडच्या लोकगीत-संस्थेला तो ती पाठवायचा, ती दरवेळी कळवायची, हे आमच्याकडे आधीच आहे. एक तरी नवं कडवं मिळावं आणि त्यांच्या सूचीत आपलं नाव लागावं, एवढ्यासाठी त्याचा जीव टांगणीला लागला होता. आणि आज हा कावळा. इंग्रजांचा कावळा तर अशुभ. पाहुण्याची वर्दी देणारा कावळा त्यांच्यात आला कुठून? उपेंद्रनं मनातल्या मनात निबंधाचं शीर्षकही ठरवून टाकलं. असा कावळा आपल्या आजोळी रोज ओरडायचा, हे मात्र त्या विद्वानाला आठवलं नाही.

"हे कडवं कुणाकडून शिकलात? आजीकडून?" त्यानं विचारलं.

"छे, पहिली दोन आईची. हे नातवानं शिकवलं. त्याच्या नर्सरीतल्या रंजिता मिस म्हणून घेतात."

उपेंद्र घरी पोचला तेव्हा रंजिता मेथी निवडत होती. त्यानं दारातूनच कावळ्याच्या कडव्याचं विचारलं.

"अरे, तुझं ऐकून ऐकून पाठच झालं मला ते," ती म्हणाली. "दोन कडव्यांत गाणं खलास. पोरं आणखी मागायला लागली, मग आमच्या आजीचा कावळा घातला आत. चुकलं का?"

लोकगीत तोंडातोंडी वाढतं, असं तो ऑफिसात येईल त्याला ऐकवायचा. स्वतःच्या स्वयंपाकघरात वाढलेलं त्याला ऐकू आलं नव्हतं. त्याला आधी राग आला, मग लाज वाटली, मग हसूच फुटलं. सूचीत नाव लागलंच, तर ते हिचंच लागणार होतं. त्यानं मेथीच्या जुडीशेजारी रेकॉर्डर ठेवून बटण दाबलं.

"म्हण, पहिल्यापासून. आणि आजीचं आणखी काय काय येतं तुला? म्हणजे इंग्रजांमध्ये कसं असतं, की..."

"गप्प बस जरा," रंजिता म्हणाली, "रेकॉर्डिंग चाललंय."