राहिलेलं हसू

मालिकेच्या शेवटच्या भागासाठी ताऱ्यांचा लोखंडी रखवालदार, मालिकेतला यंत्रमानव, मंत्रनगरीच्या दारात कोसळला. "कट" झालं, टाळ्या वाजल्या, तरी पत्र्याच्या पोशाखात चार वर्षं घाम गाळलेला तुळशीदास पडूनच राहिला. मरणाचा शॉट दिला की नटानं कॅमेऱ्यात हसून अपशकुन टाळायचा, ही सेटवरची रीत. त्याला वाटलं, आज तरी चेहरा दिसेल. आई दर भागाला विचारायची, "यात तू कुठायस?"

पण दिग्दर्शिका पुढच्या शॉटकडे वळली.

पोशाख चढवणाऱ्या अनुसयाबाई आडव्या आल्या. "ताई, याचं हसणं राहिलं!"

"मावशी, यंत्र मेलंय. यंत्राला कसला अपशकुन?"

"आणि आत काय भुसा भरलाय? मीच रोज माणूस कोंबते त्यात!"

सगळे हसले. दिग्दर्शिका ओशाळली. "कॅमेरा लावा."

अनुसयाबाईंनी डोक्यावरचा पत्रा उतरवला. घामानं चिकटलेले केस मागे सारत तुळशीदास हसला, आणि मग त्याला थांबता येईना.

महिन्यानं मालिका संपली. नामावली सरली आणि पडद्यावर दिग्दर्शिकेनं शेवटी जोडलेलं ते हसू आलं. शेजारी बसलेल्या लेकाला विसरून आई टीव्हीलाच म्हणाली, "किती वाळलास रे!"