घरचा शब्द

सकाळी फिरायला गेलेली यशोधराची विसरभोळी आई दुपार झाली तरी परतली नव्हती. आईच्या आवाजात दोन फोन मात्र येऊन गेले होते आणि दोन्ही वेळा दाराचा कोड मागितला गेला होता. कुणाचाही आवाज चोरता येऊ लागल्यापासून घरोघरी एक गुप्त शब्द ठरलेला असे. तो न सांगणाऱ्याचा कॉल फोन आपोआप तोडून टाकी.

तिसऱ्यांदा फोन वाजला.

"यशू, मला न्यायला ये गं. इथं ओळखीचं कुणीच नाही."

"आई, आधी आपला शब्द सांग!"

"कसला शब्द? माझे पाय दुखतायत आणि तू परीक्षा काय घेतेस?"

हिने कोड मागितलाच नव्हता! यशोधरा ओरडली, "आई, आठव ना गं!"

मागे एसटीच्या गाड्यांची घोषणा ऐकू आली आणि फोनने कॉल तोडला.

ती अनवाणीच स्टँडवर धावली. फलाटावरची पेरूवाली म्हणाली, "म्हातारी व्हय? रडत रडत आत्ताच गाडीत बसली. म्हणत हुती, लेकीनं ओळख दिली न्हाई."

"कुठल्या गाडीत?"

"ते न्हाई बघितलं, बाई."