हाफ पँटमधला साक्षीदार

विवाह नोंदणी कार्यालयात सह्या सुरू झाल्या होत्या. मुलीच्या बाजूचा एक साक्षीदार कमी पडत होता. "मी या लग्नाला येणार नाही," असं बाबांनी महिनाभर आधीच ठणकावून सांगितलं होतं. तेवढ्यात दार ढकलून तेच धापा टाकत आत आले. हाफ पँट, घामाने चिंब टी-शर्ट, पायात पळायचे बूट.

लेक भरजरी कपड्यांसकट त्यांच्या गळ्यात पडली. आईने मात्र कपाळावर हात मारला.

"अहो, हा काय अवतार!"

"फिरायला निघालो होतो. पाय इकडेच वळले."

"मग आधी घरी जाऊन कपडे तरी बदलायचे!"

बाबांनी कारकुनाकडून पेन घेतलं.

"कपडे बदलायला गेलो असतो, तर मनही बदललं असतं."