आधी भजी, मग फ्लॅट

समोरच्या नव्या बिल्डिंगमधल्या बाई माझ्या गाड्यापाशी आल्या आणि नाकाला ओढणी लावून म्हणाल्या, "आक्का, सोसायटीनं नगरपालिकेत अर्ज दिलाय. तुमच्या तेलाचा वास थेट आमच्या बेडरूममध्ये येतो. गाडा हलवा इथून."

मी झारा कढईवर आपटला. गेल्या दिवाळीत ह्याच बाई इथं उभ्या राहून कांदाभजी खात होत्या, वर तळलेली मिरची मागून घेत होत्या. बिल्डरचे फ्लॅट विकणाऱ्या आवटेची ती रीतच. गिऱ्हाईक आलं की आधी माझ्याकडं आणायचं. "पेठेत अशी भजी नाहीत, मॅडम! गॅलरीतून हाक मारली की प्लेट वर!" तोंडाला चव आली की मग लिफ्टनं वर नेऊन फ्लॅट दाखवायचा. माझ्या भज्यांवर अख्खी बिल्डिंग विकली मेल्यानं, आणि आता ह्यांना वास यायला लागला!

तेवढ्यात आवटेच आला, मागं एक तरुण जोडपं. "आक्का, दोन प्लेट गरमागरम!" मग बाईंकडं बघून त्या दोघांना म्हणाला, "ह्या आपल्याच बिल्डिंगमधल्या. विचारा ह्यांना, कसं वाटतं इथं?"

बाईंनी ओढणी नाकावरून खाली घेतली. "फार छान," त्या हसून म्हणाल्या. "आणि आक्कांची भजी तर काय, खाली उतरलं की हजर!"

मी दोन प्लेट काठोकाठ भरल्या आणि त्या पोरीच्या हातात दिल्या.

"पोटभर खा गं. राहायला आलीस की ह्याच भज्यांविरुद्ध सही करायचीय तुला."